उपास मोडणारी गोळी

त्या म्हाताऱ्याने माझा हात हातात घेतला, बोटाच्या मुळाशी जो सांधा असतो त्यावर अंगठ्याने एक दाब दिला, आणि मी, कळायच्या आत, उलट दाब दिला. बस्स. एवढंच झालं. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मोतीबिंदू काढून आलेलं गिऱ्हाईक, त्याला खुर्चीत बसवून मी नेहमीसारखी भिंग बदलत होते, "हे बरं की ते बरं? पुन्हा दाखवते. हे? की ते?" आणि तो शहाण्या मुलासारखा समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत होता. मग चष्मा नाकावर चढवून त्याने दुकान न्याहाळलं, कपाटावरचा बाबांचा फोटो बघितला आणि उठून उभाच राहिला. म्हणाला, "तुम्ही यांच्या कन्या? कसे आहेत ते?" मी म्हटलं, अंगावरून वारं गेलंय, वाचा गेलीय, डॉक्टरांनी हात टेकलेत. ऐकून त्याला गलबलून आलं असावं, म्हणून त्याने माझा हात धरला, आणि सवयीने तो दाब दिला. आणि मीही सवयीने. त्याने हात असा काही मागे घेतला, जणू तव्याला लागला. "बाई, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "बाबांनी. आमचा खेळ आहे तो, लहानपणचा." तो मटकन खुर्चीत बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तसा मी चाचणीचा चष्मा त्याच्या नाकावरून काढून घेतला, ओघळ पडून डाग पडतात म्हणून.

खेळच होता हो तो. देवाशपथ खेळ होता. शाळेत जाताना मोठा रस्ता ओलांडायचा असला की बाबा माझा हात धरायचे आणि सांध्यावर दाब द्यायचे. मी उलट दाबायचं. दाबला की म्हणायचे, "पटली ओळख. चला पुढे." नाही दाबला तर तिथेच थांबायचे, इकडेतिकडे बघत मोठ्याने विचारायचे, "ही कोणाची मुलगी बरं? हरवलेली दिसते." मी एकदा रागाने मुद्दाम नाही दाबला, तर त्यांनी ते सोंग इतका वेळ वठवलं की मी रस्त्यात भोकाड पसरलं. तेव्हापासून कधी चुकले नाही. माझ्या पहिल्या कम्युनियनच्या दिवशी पांढऱ्या झग्यात थरथरत उभी होते तेव्हा तो दाब होता. आईला मातीत ठेवलं तेव्हा होता. माझं ठरलेलं लग्न मोडलं त्या संध्याकाळी बाबा फक्त शेजारी येऊन बसले आणि दाब दिला. दादाला हे माहीतच नव्हतं. सगळं दादाला पहिलं मिळायचं, सायकल त्याला, खिडकीजवळची खाट त्याला, पण हे एक माझं होतं, एकटीचं. बाबा आजारी पडल्यापासून मी त्यांच्या उशाशी बसून त्यांचा डावा हात धरते, त्याच हातात जरा धुगधुगी आहे म्हणतात डॉक्टर, आणि दाब देते. देत राहते. उलट काही येत नाही. आणि तो दाब आला कोणाकडून, तर या छत्री टेकत आलेल्या परक्या म्हाताऱ्याकडून. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

छत्रीवाला तसा वाईट माणूस नव्हता. तेच तर कठीण झालं. त्याने सरळ सांगितलं, तुमचे बाबा आमच्या लॉजमध्ये होते, तीसेक वर्षं, दर बुधवारी. लॉज म्हटल्यावर मला, मेलं, आधी मुक्कामाचंच लॉज आठवलं, आणि एक क्षणभर मनात आलं, बाबांची बाई होती! आणि खोटं कशाला बोलू, पुढचं ऐकल्यावर वाटलं की बाई असती तर बरं झालं असतं. बाईचं पाप फादरांपुढे कबूल करता येतं, कन्फेशन होतं. माणूस गुडघे टेकतो, रडतो, सुटतो. पण हा म्हणाला, "फ्रीमेसन, बाई. घाबरू नका. आम्ही काही कोणाचं वाईट करत नाही. भेटतो, जेवतो, दानधर्म करतो, एकमेकांना भाऊ म्हणतो." मी म्हटलं, "मग लपवता कशाला?" "लपवत नाही. सांगत नाही." "वा! म्हणजे मांजर डोळे मिटून दूध पितं तसंच की." तो पुन्हा हसला. मग गंभीर होऊन म्हणाला, "त्यांना सख्खा भाऊ नव्हता, बाई. आम्ही होतो. आणि ही खूण त्यांनी एका मुलीला दिली! आमच्यात बायकांना मज्जाव आहे. शपथ असते. हे कळलं असतं तर त्यांना काढूनच टाकलं असतं." जाताना दाराशी थांबून विचारलंन, "आम्ही भेटायला येऊ का? शेवटचं?" मी म्हटलं, "येऊ नका." मग म्हणाला, "निदान नंतर? कबरीवर एक हिरवी डहाळी ठेवायची असते." मी दार लावून घेतलं आणि आतल्या खोलीत, जिथे बाबा भिंगं घासायचे, त्या स्टुलावर बसून राहिले.

बुधवार. बुधवारी बाबा बुद्धिबळ खेळायला जायचे. चपटी चामड्याची पेटी घेऊन, त्यात पट आणि सोंगट्या, असं आम्ही धरून चाललो. ती पेटी घरात कधी कोणी उघडली नाही, कारण बुद्धिबळात आम्हाला कोणाला काडीचा रस नव्हता. दादाला एकदा शाळेत कोणीतरी चिडवलं म्हणून त्याने बाबांना शिकवायला सांगितलं, मित्राचा पट आणला. बाबांनी घोडा तिरका चालवला, उंटासारखा. मित्र इतका हसला की दादाने पुढे आयुष्यभर तो किस्सा सांगितला, "आमचे बाबा दर बुधवारी हरायला जातात." बाबाही हसायचे. सगळ्यांत मोठ्याने तेच हसायचे. आणि मग मला, त्या स्टुलावर बसल्या बसल्या, पेपरमिंट आठवलं. बाबांच्या कोटाच्या उजव्या खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या, पांढऱ्या, गोल, आणि रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला जाताना, चर्चच्या पायऱ्या दिसायला लागल्या की बाबा एक गोळी तोंडात टाकायचे. टाकली की आईचा जीव वरखाली. "अहो! झालं! पुन्हा विसरलात! तासभर धीर धरवत नाही का माणसाला?" कम्युनियन, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकरी, घ्यायचं तर आधी तासभर पोटात काही जाता कामा नये, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. बाबा कपाळाला हात लावायचे, "अरे देवा! खरंच की." आणि सगळी रांग वेदीकडे सरकायची तेव्हा ते पाय आखडून, वाट करून द्यायचे. आम्ही परत यायचो तेव्हा ते मान खाली घालून बसलेले असायचे आणि वासावरून त्यांची जागा कळायची. अख्ख्या चर्चमध्ये ही थट्टा होती. विसराळू चष्मेवाले. आईने तर त्यांच्या विसराळूपणासाठी नऊ-नऊ दिवसांच्या प्रार्थना, नोव्हेना धरल्या. गेली बिचारी, त्यांना विसराळू समजूनच गेली.

माणूस दर रविवारी विसरतो का? माझ्या डोक्यात हे कधी शिरलं नाही. दिवसभर लोकांची नजर तपासते मी, आणि माझ्याच बापाच्या बाबतीत आंधळी कोशिंबीर. त्यांना एकेका गिऱ्हाईकाचा नंबर तोंडपाठ असायचा, अमक्याचा डावा डोळा कसा, तमक्याच्या नाकाला कोणती फ्रेम टोचते. ते विसरत नव्हते. त्यांना नियम माहीत होता. शाळेत आम्हाला धर्माच्या तासाला छडीवाल्या सिस्टर सांगायच्या, की ही माणसं डोळ्यांना पट्टी बांधून, गळ्यात दोर घालून शपथ घेतात, आणि सगळ्या धर्मांचा देव एकच कोणीतरी थोरला गवंडी आहे असं मानतात, येशूचं नावही तिथे घ्यायचं नाही. म्हणून पोपमहाराजांनी बंदी घातलीय, एकाने नाही, कितीतरी जणांनी. कॅथलिक माणूस त्यांच्यात गेला तर तो महापापात, त्याने कम्युनियनला हात लावायचा नाही. मी घरी येऊन जेवताना विचारलं होतं, "बाबा, फ्रीमेसन म्हणजे काय हो?" बाबा म्हणाले, "जेव." एवढंच. मला वाटलं काहीतरी घाण शब्द असावा. म्हणजे बघा, त्यांनी चोरून कम्युनियन कधी घेतलं नाही. कोणाला कळलं असतं? कोणालाच नाही. पण लॉज सोडलं नाही आणि देवाला फसवलंही नाही. दोन्ही दारांच्या मध्ये, उंबऱ्यावर, पेपरमिंट चघळत बसले जन्मभर. मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली की मी त्यांचा जुना एप्रन तोंडाशी धरून रडले, आणि मग तो एप्रन फेकून दिला, कारण लॉजमध्येही ते एप्रन बांधतात म्हणे.

दादाला सांगितलं. तो बाबांच्या आजारपणासाठी येऊन राहिला होता, आणि बाबांच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून दिवसभर फोनवर ऑफिस चालवत होता. ऐकून त्याने फोन बंद केला. आधी म्हणाला, "तरीच घोडा तिरका!" आणि हसला, आणि मग त्याचा चेहरा असा पडला की मला तो शाळेतला दादा दिसला. "माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला कम्युनियनच्या वेळी त्यांनी फोटो काढत बसण्याचं निमित्त केलं होतं, आठवतंय? तेव्हा मी बोललो होतो त्यांना. सगळ्यांसमोर." मग एकदम आवाज चढवून, "हे बघ, फादर उद्या मरणाआधीचं पवित्र तेल लावायला येतायत. तू गप्प बसायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू तोंड उघडलंस तर बाबांना आईशेजारी मातीसुद्धा मिळणार नाही." मी म्हटलं, "आणि नाही उघडलं तर?" "तर काय! बेशुद्ध माणसाला कोण विचारतंय? तेल लागेल, प्रार्थना होईल, संपलं." "दादा, त्यांना पश्चात्ताप नसेल तर ते तेल नुसतं तेलच. डोकेदुखीचं लावल्यासारखं." तो म्हणाला, "तू पोप आहेस का?" खरंच, मी कोण? पण मला झोप लागेना, घास उतरेना. डोळे मिटले की मला बाबा दिसायचे, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे उभे, आणि कोणीतरी विचारतंय, हा कोणाचा बरं, हरवलेला दिसतो. देवाने विचारलं आणि बाबांनी भलतीच खूण केली तर? आयुष्यभर ज्या ताटावर ते स्वतः बसले नाहीत, त्या ताटावर मी त्यांना, ते बोलू शकत नाहीत म्हणून, ढकलून बसवायचं? आणि नाही बसवलं तर ते कायमचे बाहेर. कायमचे, म्हणजे काय हे सिस्टरांनी आम्हाला नीट शिकवलं होतं. इकडे आड, तिकडे विहीर. हे बरं की ते बरं? दाखवते पुन्हा. माझ्या खुर्चीत बसून लोक चिडायचे, "दोन्ही सारखंच दिसतंय हो!" तेव्हा मी म्हणायचे, घाई नको, नीट बघा. आता कळलं, चिडतात का.

शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी मी चर्चमध्ये गेले आणि फादरांना सांगून टाकलं. फादर तरुण आहेत, चष्मा माझ्याकडूनच घेतात, दर वर्षी नंबर वाढतो. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "ताई, तुम्ही सांगितलं नसतं तर मी न विचारता सगळं केलं असतं. बेशुद्ध माणसाबद्दल चर्च चांगलंच धरून चालतं. पण आता मला माहीत आहे. आता विचारावं लागेल." माझ्या पायाखालची वाळूच सरकली. म्हणजे मीच? मी वाचवायला धावले आणि मीच दार लावलं? "फादर, ते चांगले आहेत हो," मी म्हटलं, जणू ते पोलीस होते. "फुकट चष्मे दिलेत त्यांनी गरिबांना." "चांगलेच आहेत, ताई. प्रश्न चांगुलपणाचा नाही. त्यांनी देवाच्या नावाने एक शपथ घेतलीय जी आपल्या देवाला बाहेर बसवून घेतात. ती सोडतो म्हणायचं, एवढंच. मातीची काळजी करू नका, ते मी बघेन. पण तेल लावायच्या आधी मी विचारणार. बोलता येत नसेल तर हात दाबू दे. तेवढं देवाला पुरतं." हात दाबू दे! मला हसू फुटलं, खोटं नाही सांगत, फादरांच्या समोर मी खुदकन हसले, आणि मग तोंडावर पदर धरला.

दुपारी फादर आले. दादा पायथ्याशी, हात बांधून, माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याला सांगितलं होतं आणि तो फक्त एवढंच म्हणाला होता, "झालं समाधान?" खोलीत औषधांचा वास आणि मेणबत्तीचा वास, आणि खुंटीवर बाबांचा कोट. बाबांचे डोळे अर्धे उघडे, छताकडे. चष्मा मी त्यांना रोज घालायचे, त्याशिवाय ते त्यांच्यासारखे दिसत नाहीत. फादर वाकले, अगदी कानाशी, आणि शाळेतल्या मुलाशी बोलावं तसं हळू, स्पष्ट बोलले. "काका, मी फादर. तुम्ही त्या मंडळींची शपथ घेतली होती. ती सोडता का? येशू ख्रिस्तासाठी, सोडता का? सोडत असाल तर लेकीचा हात दाबा." डावा हात माझ्या दोन्ही हातांत होता. गरम होता. मी वाट बघितली. मनात म्हटलं, बाबा, दाबा. कसाही दाबा. बाबा, रस्ता ओलांडायचाय. फादरांनी पुन्हा विचारलं. खिडकीबाहेर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, आणि ते बीप बीप थांबेचना. हात तसाच राहिला. मेलेला नव्हता, नुसता होता. फादरांनी माझ्याकडे बघितलं, "ताई?" आणि मी म्हटलं, "दाबला."

माझ्याच तोंडून निघालं ते. फादरांनी डोळे मिटले, "देवाची कृपा," म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतका खरा आनंद होता की मला ओरडावंसं वाटलं. मग सगळं झालं, भराभर, जसं व्हायचं असतं. पापांची क्षमा. कपाळावर तेल. तळहातावर तेल, जो हात मी धरला होता तोही, मी सोडला, पुसून पुन्हा धरला. मग त्यांनी ती लहानशी सोनेरी डबी उघडली, पवित्र भाकरीचा एक कण, कण म्हणजे साखरेच्या दाण्याएवढा, चमचाभर पाण्यात ठेवला आणि बाबांच्या ओठांशी नेला. तोंड उघडंच होतं. बाबांनी ते उघडलेलं नव्हतं. आजारपणाने ते दिवसरात्र तसंच असायचं. गळ्याची घाटी एकदा हलली. दादा हमसून रडायला लागला. त्याने गुडघे टेकले आणि फादरांनी त्यालाही दिलं. मग माझ्याकडे वळले, हात उंच धरून, "ख्रिस्ताचं शरीर." मला वाटलं जमीन दुभंगेल. मी म्हटलं, "फादर, मी आत्ताच पेपरमिंट खाल्लं."

फादर हसले. प्रेमाने हसले. "घराण्यातच आहे वाटतं विसराळूपणा." मग म्हणाले, "चालतं, ताई. आजाऱ्याला आणि त्याची सेवा करणाऱ्याला उपासाचं बंधन नसतं. चर्च एवढं कठोर नाही." आणि हात तसाच पुढे. म्हणजे तीही पळवाट नव्हती. बाबांची बिचारी जन्मभराची पळवाट, ती मला एक मिनिट पुरली नाही. गोळीबिळी काही नव्हती तोंडात. "नको, फादर," मी म्हटलं. त्यांचा हात खाली आला. चष्म्यामागचे त्यांचे डोळे माझ्यावर थांबले, ज्यांचा नंबर मला तोंडपाठ आहे. "ताई, त्यांनी हात दाबला होता ना?" दादाने मान वर केली. मी म्हटलं, "हो." फादरांनी डबी बंद केली, गळ्यातला पट्टा काढून त्याची घडी केली, बाबांच्या कपाळावर एकदा हात ठेवला, आणि गेले. दादा त्यांना खाली सोडायला गेला. त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यात विरेपर्यंत मी तशीच बसून होते.

आणि मग बाबांनी दाब दिला. सांध्यावर, अंगठ्याने, नेहमीच्या जागी. अर्धवट नाही, भास नाही, नस उडाली असंही नाही. असा ठाम, की माझं नख पांढरं झालं. म्हणजे येत होतं. दाबता येत होतं त्यांना! ऐकत होते, कळत होतं, दोनदा विचारलं ते दोन्ही वेळा कळलं होतं, आणि त्यांनी दाबलं नव्हतं. "बाबा," मी म्हटलं, "अहो बाबा, काय केलंत हे?" डोळे छताकडेच होते. अंगठा मात्र हलला नाही, वाट बघत होता, रस्त्याच्या कडेला थांबायचा तसा. मी उलट दाबला. जोरात दाबला, जितका दाबता येईल तितका. मग एका हाताने त्यांचा हात तसाच धरून मी दुसरा हात लांब केला, खुंटीवरच्या कोटाच्या उजव्या खिशात घातला, चाचपून एक गोळी काढली आणि तोंडात टाकली. दादा वर आला तेव्हा त्याने दारातच नाक वर करून वास घेतला, बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बाहेरूनच दार ओढून घेतलं.